गोंधळाची पूर्वअट

भिकाजी मास्तरांच्या वर्गात गोंधळ होत नसे, आणि त्यांच्या शैक्षणिक प्रगतीतली हीच मुख्य अडचण होती.

टाकवे बुद्रुकच्या वर, आंदर मावळातल्या एका वाडीवर, मारुतीच्या देवळात त्यांची एकशिक्षकी शाळा भरे. चारही इयत्ता एकाच सतरंजीवर बसत. निम्मी पोरं ठाकरांची, निम्मी शेतकऱ्यांची. गुरं सोडून, पाणी भरून आलेली. मास्तरांचा आवाज मुळातच बसका. ते इतकं हळू बोलत की ऐकायचं तर गप्प बसावं लागे, आणि ऐकण्यासारखं रोज काहीतरी असे. शिदूच्या बापाची म्हैस पठारावरून खाली उतरेना, तर त्याच म्हशीवर ते आधी वजाबाकी घेत आणि मग भूगोल. चिंगी नावाची ठाकराची पोर कडेवर तान्हा भाऊ घेऊन यायची. भाऊ तिच्या मांडीवर झोपायचा आणि ती त्याच्या डोक्यावरून पुस्तकात बघत, बोट फिरवत वाचायची. तिच्या घरात अक्षर ओळखणारी ती पहिलीच. नुकतीच ती अख्खं पान न अडखळता वाचायला लागली होती.

मास्तरांची बायको मुक्ताबाई मुलांना घेऊन तळेगावात राहत होती. मास्तर रविवारी पाहुण्यासारखे घरी जात. तळेगावला बदली मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला, तेव्हा त्यांना कळलं की विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची पदविका असलेल्यांनाच प्राधान्य आहे. म्हणून एकोणीसशे पासष्ट साली, केस पिकायला लागल्यावर, मास्तर पुन्हा विद्यार्थी झाले.

अभ्यासक्रमात शेवटी एक प्रबंधिका लिहायची होती. मास्तरांच्या वाट्याला विषय आला, 'वर्गव्यवस्थापनाच्या पुरावाधिष्ठित पद्धती : एक प्रायोगिक अभ्यास'. मास्तरांना आनंद झाला. आपण वर्ग कसा सांभाळतो ते त्यांनी सरळ लिहून पाठवलं. हळू बोलावं, ऐकण्यासारखं बोलावं, पोरं उपाशी असतील तर गणित नंतर घ्यावं. उलट टपाली ते परत आलं. वर लाल शाईत शेरा होता, 'हा अनुभव आहे. पुरावा कुठे आहे?'

मास्तर कान्हे फाट्यावरून गाडी धरून पुण्याला गेले. मार्गदर्शक प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "तुमच्या वर्गात बेशिस्तीचं प्रमाण किती आहे?"

"नाही, सर."

"म्हणजे मोजलेलं नाही?"

"बेशिस्तच नाही."

प्राध्यापकांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी समजावून सांगितलं, की प्रयोगाला आधी पूर्वस्थिती लागते, मग उपाय, मग उत्तरस्थिती. पूर्वस्थितीत बेशिस्त शून्य असेल तर उत्तरस्थितीतही शून्यच राहणार. शून्यातून शून्य गेलं तर फरक पडत नाही, आणि फरक पडला नाही तर पद्धत निरुपयोगी ठरते. रोगीच नसेल तर औषध लागू पडलं हे सिद्ध कसं करणार?

"मग मी काय करू?" मास्तरांनी विचारलं.

"पूर्वस्थिती निर्माण करा," प्राध्यापक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पोरांना गोंधळ घालायला सांगितलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी शिदूनं उभं राहून अदबीनं विचारलं, "कंचा गोंधळ मास्तर? अंबाबाईचा का भवानीचा?"

हा गोंधळ विद्यापीठाला हवा आहे असं मास्तरांनी सांगितलं. शिदूच्या समजुतीनं हा नवा देव होता, पण मास्तरांच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणून तो संध्याकाळी खालच्या गावातल्या गोंधळ्याला निरोप देऊन आला. तो बिचारा संबळ घेऊन डोंगर चढून आला आणि यजमान कोण, म्हणून देवळाच्या पायरीवर चौकशी करू लागला. त्याची समजूत काढता काढता एक दिवस वाया गेला.

मग मास्तरांनी गोंधळ शिकवायला घेतला. पहिल्या रांगेनं पाट्या ओढाव्यात, दुसरीनं बडबड करावी, तिसरीनं ढकलाढकली. पोरं तो धडाही इतर धड्यांसारखाच मन लावून शिकली. मास्तरांनी हात वर केला की गोंधळ सुरू होई, हात खाली आला की थांबे. याचा तक्ता पुण्याला गेला, आणि लाल शाईत परत आला. 'ही बेशिस्त शिस्तबद्ध वाटते. बेशिस्त उत्स्फूर्त असावी. दरम्यान बक्षीस-पद्धतीचा अवलंब करून पाहावा.'

बक्षीस म्हणून मास्तरांनी लोणावळ्याहून चिक्की आणली. जो गोंधळ थांबवून गप्प बसेल त्याला चिक्कीचा तुकडा, असा नियम केला. बाहेरगावच्या माणसांनी लोणावळ्याहून न्यायची ही वस्तू वाडीवरच्या पोरांनी जत्रेखेरीज चाखली नव्हती. दोन दिवसांत त्यांना शास्त्र समजलं. गप्प बसल्याबद्दल चिक्की मिळते, पण त्यासाठी आधी गप्प नसावं लागतं. जितका मोठा गोंधळ, तितकी मोठी सुधारणा. चिंगी पहिल्यापासून गप्प होती, त्यामुळे तिच्यात सुधारणेला वाव नव्हता. तिला काहीच मिळालं नाही. मास्तरांना वाईट वाटलं, पण तिला चिक्की दिली तर आकडे बिघडले असते. तिनं एकदा ओरडून बघायचं ठरवलं होतं. पण मांडीवर भाऊ झोपला होता.

आता बेशिस्त उत्स्फूर्त झाली. शिदूनं मारुतीचा शेंदूर तोंडाला फासला. दोघांनी देवळाची घंटा ताब्यात घेतली. शेजारच्या वाड्यांवरची, शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं चिक्कीच्या वासानं आली आणि पटसंख्या वाढली, हेही प्रबंधिकेत उपयोगी पडलं. पुढे चिक्की संपली. गोंधळ संपला नाही, कारण त्याला आता चिक्कीची गरज उरली नव्हती.

अशा वेळी प्राध्यापक पाहणीला आले. डोंगर चढून धापा टाकत ते देवळाच्या दारात उभे राहिले, तोच एक पाटी त्यांच्या कानाजवळून गेली. त्यांचा चेहरा उजळला.

"उत्तम पूर्वस्थिती आहे," ते ओरडून म्हणाले. ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं.

"सर, ही उत्तरस्थिती आहे," मास्तर ओरडले. "उपाय करून झाला. आधी सगळं शांत होतं."

प्राध्यापकांनी मास्तरांना पिंपळाखाली नेलं. "शांतता खरी होती ना? आणि हा गोंधळही खरा आहे. दोन्ही तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. म्हणजे पुरावा आहेच. राहिला क्रम. क्रम ही मांडणीची बाब आहे."

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात चिंगीची आई सावित्राबाई वर आली. ती देवळात शिरली आणि पोरीला हाताला धरून, तान्ह्याला खांद्यावर टाकून बाहेर आली.

"मास्तर, उद्यापास्नं पोरीला धाडत न्हाई," ती म्हणाली. "तान्हं हितं झोपंना, आन पोर म्हनती तुमी काय सांगता त्ये आइकूच येत न्हाई."

प्राध्यापकांनी विचारलं, बाई काय म्हणतात. मास्तरांनी सांगितलं. ते म्हणाले, हे पूर्वस्थितीत पालकांची प्रतिक्रिया म्हणून घ्या, फार बोलकं आहे.

मास्तर संध्याकाळी सावित्राबाईच्या खोपटावर गेले. थोडेच दिवस, मग सगळं पहिल्यासारखं होईल, असं त्यांनी सांगितलं. तिनं त्यांना बसायला घोंगडी टाकली, गुळाचं पाणी दिलं आणि बरं म्हणाली. चिंगी मात्र आली नाही. सकाळी मास्तर पूर्वीसारखे हळू आवाजात म्हशीची गोष्ट सांगायला लागले. कुणी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मग आयुष्यात पहिल्यांदा ते वर्गावर खेकसले, इतक्या जोरात की पारावरची माणसं उठून बघायला आली. पोरं क्षणभर दचकून गप्प झाली. शिदूनं सवयीनं हात पुढे केला.

त्या रविवारी मास्तरांनी तळेगावला बसून क्रम लावला. आधी गोंधळ, मग चिक्की, मग हळू बोलणं, मग शांतता. वाचायला ते फार सुसंगत वाटत होतं. मुक्ताबाईंनी विचारलं, हे असंच घडलं का? मास्तर म्हणाले, यातलं घडलं नाही असं एकही वाक्य नाही.

प्रबंधिका पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. ती छापून निघाली आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळांना परिपत्रक गेलं की ही पद्धत विहित टप्प्यांनी राबवावी. टप्पा पहिला, पूर्वस्थिती. त्या वर्षी तालुक्यात पूर्वस्थिती सर्वत्र निर्माण झाली. उत्तरस्थितीचे अहवाल वेळेवर आले. मास्तरांची बदली तळेगावला झाली, पण शिकवायला नव्हे. ते वर्गव्यवस्थापनाचे तज्ज्ञ झाले, आणि तज्ज्ञाला वर्ग देऊन वाया घालवत नाहीत. घरी सगळे एकत्र आले. अहो, आम्ही इथेच आहोत, जरा हळू बोला, असं मुक्ताबाई त्यांना अधूनमधून सांगत.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास तळेगावात शिक्षकांचं शिबिर होतं. भिकाजी मास्तरांचं व्याख्यान संपलं, शंका विचारा, असं ते म्हणाले, तर मागच्या ओळीतून सोपान नावाचा एक तरुण मास्तर उठला. लोहगडाखालच्या वाडीवर तो नवीनच लागला होता.

"सर, माझ्या वर्गात मुलं ऐकतात," तो म्हणाला. "मी काय करू?"

भिकाजी मास्तरांचा तो जुना, बसका आवाज कुठून तरी परत आला.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले.

सभागृह खो खो हसलं. आपणही आत्ता हसलात. त्या सभागृहात दोनच माणसं हसली नव्हती. त्यांतले एक व्यासपीठावर कागद गोळा करत होते. दुसरा मान खाली घालून बसला होता. भोवतीच्या हसण्यावरून त्यानं ठरवलं, की आपल्या वर्गात काहीतरी चुकतंय, आणि सोमवारी शाळेत जाताना तो लोणावळ्याला उतरून चिक्की घेऊन गेला.