धप्पाजीचं पडणं बंद करण्याबाबत

एका जंगलात, सोमवारी सकाळी, अकरा वाजून सात मिनिटांनी, एक कासव पडायचं थांबलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

आता मुलांनो, तुम्ही म्हणाल, कासव पडलं नाही तर बिघडलं कुठं? चांगलंच झालं की! जंगलातल्या आयांनाही तसंच वाटलं होतं. म्हणून नीट मांडी घालून बसा. कुणाला शू लागली असेल तर आत्ताच जाऊन या. गोष्टीच्या मधे कुणी उठायचं नाही.

त्या जंगलात एक मोठा वड होता. वडाला एक पांढरा पडदा टांगला होता. रोज सकाळी अकराच्या ठोक्याला त्या पडद्यावर हलत्या चित्रांची मालिका लागायची. मालिकेचं नाव, ‘वीर धप्पाजी’.

धप्पाजी म्हणजे एक कासव. काम, जंगलाला संकटातून सोडवणं. पाठीवर लाल झूल. झूल इतकी लांब, की दोन पावलं टाकली की तिच्यावर स्वतःचाच पाय. धप्प! उठायला जावं तर उताणा. चारी पाय हवेत. पिल्लं पोत्यात घालून पळवून नेणारा दुष्ट लांडगा त्याला बघून हसायला लागायचा. हसून हसून त्याचं पोट दुखायचं. पोट धरून तो खाली बसला, की पिल्लं पोत्यातून निघून आपापल्या घरी जायची. धप्पाजीला वाटायचं, आपणच सोडवली. मग तो छाती काढायचा. छाती काढली की परत धप्प!

पडदा बघणारी पिल्लं खदाखदा हसायची. हसलं की तोंड उघडतं. तोंड उघडलं की शेजारी टपून बसलेली आई घास आत सारते. एका पडण्याला एक घास. धप्पाजी एका भागात चौदा वेळा पडायचा. पोट भरायला चौदा घास पुष्कळ झाले. आई खूश, पोर खूश. कासवाचं काय, ते चित्रातलं.

या आयांमध्ये एक होती शेवंता साळिंदरीण. वयानं लहान, पहिलटकरीण, आणि स्वभावानं भित्री. कुठं खुट्ट झालं की अंगावरचे सगळे काटे उभे. तिचा मुलगा गुंड्या. गुंड्या शिंकला तरी शेवंताचे काटे उभे. नाही शिंकला तरी उभे, की आज हा शिंकला कसा नाही?

पण तिच्या काळजीला एक खरं कारणही होतं. दर महिन्याला बगळीणताई पिल्लांची वजनं करायला यायच्या. झोळीचा वजनकाटा फांदीला अडकवायचा, एकेक पिल्लू झोळीत घालायचं आणि वहीत टिंब द्यायचं. हिरव्या पट्ट्यात टिंब आलं तर बरं. पिवळ्यात आलं तर ताई भुवया वर करायच्या. लाल पट्ट्यात आलं तर पिल्लाला नदीपलीकडच्या दवाखान्यात न्यायचे. पंधरा दिवस, तेही आईशिवाय. गेल्या महिन्यात गुंड्याचं टिंब पिवळ्या पट्ट्यात होतं. पिवळ्याच्याही खालच्या काठाला.

“शेवंता, जपून हो,” ताई म्हणाल्या होत्या. “आणखी घसरला तर मला त्याला न्यावंच लागेल.”

तेव्हापासून शेवंता रोज वडाखाली सगळ्यांच्या आधी जाऊन जागा धरायची.

एक दिवस काय झालं, गुंड्यानं गळ्यात सागाचं पान बांधलं. वारुळावर चढला. “मी वीर धप्पाजी!” म्हणाला आणि धप्प करून पडला. तीन काटे मोडले. वर हसत हसत घरी आला.

शेवंतानं कपाळावर हात मारला. “अगं बाई! माझं पोर बावळट निघणार. त्या कासवानं बिघडवला त्याला.”

आता बघा, दुसरी एखादी आई असती तर सागाचं पान काढून घेतलं असतं आणि विषय मिटला असता. पण शेवंता पोपटगुरुजींच्या शाळेत सातवी शिकलेली होती. तिला अर्ज लिहिता येत होता. ज्या बाईला अर्ज लिहिता येतो, तिच्यामुळे जंगलाचं काय भलं होतं ते आता ऐका.

तिनं पळसाचं मोठं पान घेतलं. वर लिहिलं, ‘विषय: धप्पाजीचं पडणं बंद करण्याबाबत.’ खाली लिहिलं, ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, आमच्या मुलांसमोर चांगला आदर्श असावा. तरी धप्पाजी यांनी पडू नये. संकटात जाताना आईला सांगून जावे. कानटोपी घालावी. लांडग्यास मारू नये, समजावून सांगावे. परत आल्यावर पाय धुवावेत. कळावे.’ कळावेच्या खाली ‘पालेभाजी खावी’ हे राहून गेलं होतं, ते घातलं.

मग ती पंजे घ्यायला घरोघर फिरली. सगळ्या आयांनी पंजे उमटवले. फक्त हौसाबाई रानडुकरिणीनं नाही उमटवला.

“माझी नऊ आहेत गं बाई,” हौसाबाई म्हणाली. “मी एकाच्या आदर्शाची काळजी करत बसले तर बाकीची आठ मला खातील.”

“अहो मावशी, पण पोरांवर परिणाम होतो!”

“होतो ना. जेवतात ती. पण तू काय ऐकायची नाहीस. शिकलेली पडलीस.”

शेवंताला राग आला. काटे उभे करून ती निघाली आणि थेट मालिकेची चित्रं काढणाऱ्याकडे गेली. तो होता रंगोपंत सरडा. त्याचा स्वभाव असा, की समोर जो उभा राहील त्याच्या रंगाचा व्हायचा. शेवंताला बघताच तो काळा-पांढरा पट्टेरी झाला.

“वहिनी, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत,” अर्ज वाचून तो म्हणाला. “मला तर पहिल्यापासून ते पडणं पसंत नव्हतं.”

“मग काढत का होता?”

“तेव्हा समोर पोरं बसली होती ना.”

तर असा तो सोमवार आला. अकरा वाजता मालिका लागली. अकरा वाजून सात मिनिटांनी धप्पाजीच्या पहिल्या पडण्याची वेळ झाली. सगळ्या पिल्लांनी श्वास रोखला. धप्पाजीनं खाली बघितलं. झूल उचलून नीट घडी घातली. बगलेत धरली. आईला सांगितलं, कानटोपी घातली, आणि दोन्हीकडे बघून वाट ओलांडली.

“लांडगेभाऊ,” तो म्हणाला, “असं वागणं बरं नाही.”

“चुकलं माझं,” लांडगा म्हणाला.

धप्पाजीनं पाय धुतले. मालिका संपली.

आयांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लांची तोंडं शिंपल्यासारखी मिटलेली. शेवंताचा घास गुंड्याच्या ओठांशी तसाच थांबला होता.

गुंड्यानं हळूच विचारलं, “आई, धप्पाजी आजारी आहे का?”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी निम्मी पिल्लं वडाखाली आलीच नाहीत. शेवंतानं काय नाही केलं? घास काऊचा केला, चिऊचा केला. मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. द्रोण हातात घेऊन ती गुंड्याच्या मागं जंगलभर पळाली. उन्हात तीन फेऱ्या झाल्या. गुंड्याच्या पोटात गेले दोन घास आणि उरलेला द्रोण शेवंताच्या. टाकवत नाही ना आपल्याला.

वजनाच्या आदल्या दिवशी ती पुन्हा रंगोपंताकडे गेली.

“भाऊजी, पाया पडते. त्याला पाडा.”

रंगोपंत हिरवागार झाला होता. त्याच्यासमोर पोपटगुरुजी बसले होते.

“आता कसं पाडू, वहिनी? धप्पाजीला परवाच ‘आदर्श कासव’ म्हणून शाल-नारळ मिळाला. वर्षभर पडता येत नाही त्याला.”

“मी दुसरा अर्ज देते.”

“द्या की. पण पहिला तुम्हीच दिलाय. गुरुजी तो शाळेत वाचून दाखवतात. नमुना म्हणून.”

“एकही चूक नाही हो!” गुरुजी म्हणाले.

शेवंता घरी निघाली. उद्याचं वजन डोळ्यांसमोर. लाल पट्टा, नदी, पलीकडचा काठ, आणि एकटा गुंड्या. घरी येऊन तिनं कंद उकडून मऊ केला, द्रोणात घेतला आणि बाहेर आली. डोळे भरलेले. उंबऱ्यापाशी मूळ होतं ते दिसलं नाही.

धप्प!

शेवंता तोंडावर पडली. द्रोण उडाला आणि डोक्यावर पालथा झाला. पाठीवरच्या प्रत्येक काट्यावर कंदाचा एकेक तुकडा टोचलेला. ती तशीच पडून राहिली. आता उठून तरी काय करायचं?

आणि तिला हसू ऐकू आलं. गुंड्या हसत होता. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, पडजीभ दिसेस्तोवर.

शेवंता आई होती. पडल्या पडल्याच तिचा हात पाठीकडे गेला, एका काट्यावरचा तुकडा निघाला आणि गुंड्याच्या तोंडात गेला. गुंड्यानं गिळला.

“आई, परत!”

ती उठली आणि परत पडली. गुंड्या हसला नाही.

“हे खोटं होतं,” तो म्हणाला. तोंड मिटलं.

शेवंता मातीत बसली. पडता येत नाही, आणि न पडता चालत नाही. तिला रडू यायला लागलं. “मला काहीच धड जमत नाही रे,” ती म्हणाली. “खोटं पडायलासुद्धा येत नाही.”

“पण खरं छान येतं तुला,” गुंड्या म्हणाला. “त्या पहाटे, आई! मला ताप आलाय का म्हणून चाचपत होतीस आणि दगडाला हात लावलास. ‘पोर गार पडलं हो!’ म्हणून ओरडलीस. बाबा झोपेत दगडाला पांघरूण घालत होते!”

तो पुन्हा हसायला लागला. शेवंतानं दुसरा तुकडा आत घातला. मग स्वतःच सांगितलं, “आणि ती तीट? घाईत तू समजून हौसामावशीच्या बाळाला लावली. तेव्हापासून ते काय फुगलंय!” तिसरा घास. “आणि तुला उचकी लागली म्हणून मी बगळीणताईंना उठवायला गेले. तिथं पोचेपर्यंत तुझी थांबली आणि मला लागली.” चौथा.

काळजी करणाऱ्या आईकडे फजितीला तोटा नसतो, मुलांनो. चौदा घास झाले तेव्हा शेवंताचं वर्ष निम्मंसुद्धा सांगून झालं नव्हतं. संध्याकाळी आणखी चौदा. सकाळी वजनाला निघेपर्यंत आणखी.

वजनाच्या जागी सगळं जंगल जमलं होतं. गुंड्या झोळीत बसला. टिंब पिवळ्याच्या खालच्या काठावरच राहिलं. पण राहिलं! खाली घसरलं नाही.

“जपलंस गं,” ताई म्हणाल्या. “आधीची सगळी पोरं घसरली आहेत. काय भरवतेस? वहीत लिहून घेते.”

सगळ्या आया पुढं सरकल्या. शेवंताचे काटे उभे राहिले.

“नाचणी,” ती म्हणाली.

सगळ्या आया पुटपुटल्या, “नाचणी, नाचणी.”

पुढचं पिल्लू सगुणा सशिणीचं होतं. झोळीत ते कापसासारखं हलकं बसलं. टिंब लाल पट्ट्यात गेलं. ताईंनी नदीकडं बघितलं. सगुणानं पिल्लाला झोळीतून काढून छातीशी धरलं. रडलीही नाही. नुसती मागं मागं सरकत गेली.

अर्जावर सगुणाचा पंजा सगळ्यांत पहिला होता. शेवंतानंच तिचा हात धरून उमटवला होता.

“ताई, थांबा,” शेवंता म्हणाली. “नाचणी खोडा. अर्ज माझा होता. धप्पाजीला मी उभं केलं आणि पोरांना उपाशी ठेवलं. माझं पोर जेवलं ते मी तोंडावर पडले म्हणून. द्रोण डोक्यावर होता माझ्या. शुद्धलेखनात एक चूक नाही, आणि दारातलं मूळ दिसत नाही मला!”

आधी हौसाबाई हसली. तिचं हसू म्हणजे दरड कोसळल्यासारखं. मग सगळेच हसले. शेवंताकडे बोट दाखवून दाखवून हसले. “दगडाचं सांग ना, आई!” गुंड्या ओरडला, आणि तेही सांगावं लागलं. सगुणाच्या कुशीतलं ते हलकं पिल्लू फिस्सकन हसलं. तोंड उघडलं. सगुणानं घाईघाईनं कोवळं पान आत सारलं. ते चावायला लागलं.

ताईंनी त्याला आठ दिवसांची मुदत दिली. वहीत ‘आहार’ या रकान्यात ‘नाचणी’ खोडलं आणि लिहिलं, ‘शेवंताची फजिती. दिवसातून दोन वेळा.’

मग आठ दिवस शेवंता सगुणाच्या दारात बसून आपली फजिती सांगत होती. नवव्या दिवशी पिल्लाचं टिंब लालमधून निघालं.

तात्पर्य: मुलांसमोर चांगला आदर्श ठेवू नये, ती जेवत नाहीत. शहाण्या आईनं शहाणपण जेवणाच्या वेळी तरी खुंटीला टांगून ठेवावं. आणि अर्ज चांगला लिहिता येत असेल, तर तो लिहू नये.

ही गोष्ट ऐकून झाली की पाच आयांना सांगा. नाही सांगितली तर कुणावर काही संकट येणार नाही, कुठं तरी एखादं पोर तोंड मिटून बसेल इतकंच. सांगताना शेवंताच्या जागी माझं नाव घातलंत तरी चालेल, माझीही फजिती काही कमी नाही. कुणाचं तरी पोर हसेल. तेवढाच एक घास आत.