अठराव्या दिवशीचा दिवा

आम्रपाली दारातच थांबली. हातातली अवजारांची पेटी तिने खाली ठेवली, पण उघडली नाही. हॉलच्या भिंतीवर उंच एसी होता आणि बरोबर त्याच्या खाली, जमिनीवर पाट मांडून विमलाताईंचा देव. देवासमोर पितळेचा नंदादीप शांतपणे जळत होता.

"काकू, आधी दिवा शांत करा," ती म्हणाली.

विमलाताई तिच्याकडे बघून हसल्या. त्या कुणाशी मोठ्याने बोलत नसत. शेजारच्या नंदाताई म्हणायच्या की विमलाताईंचं भांडण ऐकायला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. त्या तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "बाय, हा शांत होणार नाही. तू तुझं काम कर."

दिवा अधिक महिन्याचा होता. विमलाताईंनी आयुष्यात तीनदा अधिक महिन्यात अखंड दिवा लावला होता आणि तिन्ही वेळा तो मधेच गेला. पहिल्यांदा उंदराने वात पळवली. दुसऱ्यांदा त्यांचे यजमान भागोजीराव एसटीची ड्यूटी करून घरी आले आणि त्यांनी पंखा पाचावर टाकला. तिसऱ्यांदा खुद्द विमलाताईंचाच डोळा लागला. अधिक महिना येतो तीन वर्षांनी आणि विमलाताईंना चौसष्टावं लागलेलं. पुढच्याचा भरवसा कुणी द्यायचा? म्हणून यंदा त्या देवासमोरच चटई टाकून झोपत होत्या. दिव्याची काच भागोजीरावांनी दुसऱ्याच दिवशी पुसता पुसता फोडली होती, तरी दिवा अठराव्या दिवसापर्यंत आला होता. बारा दिवस उरले होते.

आम्रपालीने मग दारातूनच सगळं समजावून सांगितलं. ती आयटीआय झालेली, मूळची मंडणगडकडची, आणि एसी दुरुस्तीच्या कामात तिला नऊ वर्षं झाली होती. या नव्या एसीतला गॅस थंडावा चांगला देतो, वीजही कमी खातो, पण तो पेट घेतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचा अगदी सख्खा भाऊ. शिवाय हवेपेक्षा जड. निसटला की वर जात नाही, खाली उतरतो आणि जमिनीवर बसून राहतो. एसी गार करत नाही याचा अर्थ तो कुठूनतरी निसटतोय.

"मग बारा दिवसांनी ये," भागोजीराव बनियनने वारा घेत म्हणाले. हे म्हणताना त्यांच्या जिवावर आलं होतं, कारण एसीचा हट्ट त्यांचाच होता.

"गळकं मशीन आणि खाली पेटता दिवा, असं टाकून मी जाणार नाही, काका. आणि दिवा आत आहे तोवर पाना लावणार नाही. काकूंचा जसा नेम, तसा हा माझा."

नेम हा शब्द ऐकला आणि विमलाताईंनी त्या मुलीकडे नीट पाहिलं. नेमाच्या माणसाशी वाद घालता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं घरातले लोक त्यांच्याशी वाद घालून थकले होते. त्या म्हणाल्या, "दिवा विझणार नाही. पण बाहेर जाईल."

आम्रपालीने खिडक्या उघडायला लावल्या, कुठल्याही बटणाला हात लावू नका म्हणाली, आणि गॅस हुंगणारं आपलं यंत्र पाटाभोवती जमिनीलगत फिरवलं. ते गप्प राहिलं. तेव्हा कुठे विमलाताईंनी नंदादीप उचलला.

पहिला मुक्काम समोरच्या दारात, नंदाताईंकडे. त्यांनी आनंदाने जागा दिली, जूनच्या उकाड्यात पंखासुद्धा बंद केला. पण आम्रपालीचं म्हणणं पडलं की दिवा टेकवायच्या आधी तिथली हवाही बघते. यंत्र हॉलमध्ये गप्प होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कुरकुरलं. सिलिंडरापाशी तर त्याने टाहोच फोडला.

"माझ्या घरात वीस वर्षांत असं काय वाजलं नाय," नंदाताई दुखावून म्हणाल्या.

आम्रपालीने साबणाचं पाणी लावलं. शेगडीच्या नळीवर, रेग्युलेटरपाशी, टपोरे बुडबुडे आले. नळी बदलायला झाली होती. रेग्युलेटर बंद झाला, खिडक्या उघडल्या, बांगड्याचं कालवण अर्ध्यावर राहिलं, आणि दिवा पुन्हा विमलाताईंच्या हातात आला. नंदाताईंनी आभार मानावेत की रागवावं हे त्यांचं ठरेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडंथोडं केलं.

खाली पार्किंगमध्ये वारा नव्हता. विमलाताई भिंतीशी टेकतात न टेकतात तोच जिन्यातून आम्रपालीने खूण केली. शेजारी चार स्कूटर उभ्या होत्या आणि एकीच्या खाली पेट्रोलचा ओला डाग. विमलाताई दिवा घेऊन उठल्या.

राहिला कंपाउंडचा टोकाचा कोपरा. चिऱ्यांच्या गडग्याला लागून नारळ, त्याच्या बुंध्याशी सोललेल्या नारळांच्या सोडणांचा ढीग, आणि कपडे धुवायचा दगड. दगडावर दिवा ठेवून विमलाताई त्याच्यासमोर पदर धरून बसल्या. मागे भागोजीराव छत्री उघडून उभे राहिले. पाऊस तोंडावर आलेला, वारा खाडीकडून कसाही येत होता. ज्योत कधी आडवी पडे, कधी बुटकी होई, पण उभी राही. असा सव्वा तास गेला. विमलाताईंचा जप थांबला नाही आणि भागोजीरावांची कुरकुरही.

तेवढ्यात सदू आला. सदू हा इमारतीचा राखणदार. बिडी सोड म्हणून विमलाताई त्याला आठ वर्षं सांगत होत्या आणि तो त्यांना बघून आठ वर्षं बिडी पाठीमागे लपवत होता. आडोशाला म्हणून त्याने आपली खुर्ची आणून आडवी लावली, दोन शब्द हवेबद्दल बोलला, आणि समोर विस्तव दिसल्यावर हाताला जी सवय असते त्या सवयीने वाकला आणि नंदादीपावर बिडी पेटवली.

विमलाताईंनी तोंड उघडलं. पण शब्द बाहेर यायच्या आत वावटळ आली, छत्री उलटी झाली, आणि दिवा गेला.

वातीतून धुराचा एक बारीक दोरा निघाला. भागोजीरावांनी बायकोचा चेहरा बघितला आणि उलटी छत्री हळूच मागे नेली. सदूला आपण काय केलं ते आत्ता कळलं. त्याने बिडी टाकायला हात खाली नेला.

"सदू," विमलाताई म्हणाल्या, "टाकू नको. ओढ."

"तुमच्यासमोर, वैनी?"

"ओढ म्हणते ना. ती माझ्या दिव्यावरची आहे. विझू देऊ नको."

एका ज्योतीवरून दुसरी लावली तर दिवा अखंडच राहतो, हे शास्त्र त्यांना पाठ होतं. दुसरी ज्योत कसली असावी, याबद्दल त्यांच्या पोथीत काहीच नव्हतं.

सदू देवळात उभा असल्यासारखा ताठ उभा राहून बिडी ओढू लागला. भागोजीरावांनी सोडणातला काथ्या उपसला, पण तो दमट. निखारा लागला की नुसता धुमसायचा. बिडी दोऱ्यापर्यंत आली तेव्हा विमलाताईंनीच हुकूम सोडला की तिच्यावर दुसरी पेटव. दुसरीही अर्धी झाली. सदूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"व्रत तुझं आहे की त्याचं?" भागोजीरावांनी विचारलं.

विमलाताई ढिगाकडे वळल्या. ढिगाच्या तळातला कोरडा काथ्या त्यांनी स्वतः ओढून काढला, निखारा त्यात धरला आणि गुडघे टेकून फुंकू लागल्या. अकराव्या की बाराव्या फुंकरीला काथ्याने जाळ धरला. वात लागली.

आम्रपाली खाली आली तेव्हा तिघांची तोंडं काळी झाली होती. तिचं काम झालं होतं. उरलेला गॅस मोकळ्या हवेत सांभाळून काढला, तडकलेला जोड बदलला, दाब देऊन तपासला, नवा गॅस वजनाने मोजून भरला. आता दिवा वर न्यायला हरकत नाही, पण एसीच्या खोलीत नाही. देव मधल्या खोलीत, उंचावर. विमलाताईंनी मान डोलावली. मग एरवी कुणालाही विचारलं नसतं ते त्यांनी तिला विचारलं. झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तू सांग. मोडला का माझा नेम?"

आम्रपालीने दिव्याकडे पाहिलं, काथ्याकडे पाहिलं, सदूच्या हातातल्या थोटकाकडे पाहिलं. तिने घाई केली नाही.

"दिव्यातून बिडीत, बिडीतून बिडीत, बिडीतून काथ्यात, काथ्यातून वातीत," ती म्हणाली. "माझं कामच गळती शोधायचं आहे, काकू. इथे जोड सगळे घट्ट आहेत."

संध्याकाळी एसीच्या गारव्यात भागोजीराव घोरत होते. मधल्या खोलीत, उंच फळीवर, दिवा तेवत होता. दारात सदू आला. आंघोळ केलेली, कपाळाला गंध, हात जोडलेले.

"वैनी, बिडीत देव आला तो मी या डोळ्यांनी बघितला. आता ती तोंडात कशी धरू? आजपासून सोडली."

आठ वर्षांत हे वाक्य ऐकायला विमलाताईंनी किती वेळा देवाला विनवलं होतं. त्यांनी मागे वळून दिव्याकडे पाहिलं. बाहेर वारा वाढला होता.

"सोड रे बाबा, जरूर सोड," त्या हळूच म्हणाल्या, "पण बारा दिवसांनी सोड. उद्यापन होऊ दे."