जावयाच्या गळ्यातला पांढरा दुपट्टा

गोपालरावांनी जावयाच्या गळ्यात दुपट्टा घातला आणि वरातीच्या गाडीवर ढोल दणाणून वाजवत असलेली धुमाल पार्टी एकदम गप्प झाली.

वरात राजूरहून आली होती आणि मारेगावच्या वेशीवर पाहुण्यांना दुपट्टा-टोपी देणं चाललं होतं. दुपट्टा पांढराच असतो. गोपालरावांच्या लग्नात पांढरा होता, त्यांच्या बापाच्या लग्नातही पांढराच असणार. यात चुकण्यासारखं काही असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. पण नवरदेवामागची पोरं गळ्यात काळे गमछे घालून उभी होती आणि तोंडात मारल्यासारखी त्यांच्याकडे पाहत होती.

भानगड अशी होती की राजूरची धुमाल पार्टी 'कोळसा किंग', तिच्या चाहत्यांचा रंग काळा. मारेगावची 'पांढरं सोनं', तिच्या चाहत्यांचा पांढरा. दोन्हीकडची पोरं दिवसभर मोबाइलवर एकमेकांचा उद्धार करत. गोपालरावांचा पुतण्या सोनू पक्का पांढरा. त्याने दुपट्टा गळ्यात पडताच फोटो काढला आणि 'कोळसा धुऊन निघाला' असं लिहून गावभर पाठवला. दुसऱ्या मिनिटाला नवरदेवाचा फोन वाजायला लागला.

आयुषने दुपट्टा काढला, नीट घडी केली आणि सासऱ्याच्या हातात दिला. "मामाजी, तुमचा मान हाय. पण हे घालून मी मांडवात येऊ शकत नाही."

"काहून?"

"कोळसा किंगच्या फॅन क्लबचा अ‍ॅडमिन मीच हाय."

स्थळ पाहताना मुलगा खाणीत कामाला आहे एवढंच सांगितलं होतं. ही दुसरी नोकरी कोणी सांगितलीच नव्हती.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं आणि सूर्य कपाशीच्या वावरांवर टेकायला आला होता. कोणीतरी काळा दुपट्टा आणायचं सुचवलं. गोपालरावांच्या बायकोने, कोकिळाबाईंनी, माझ्या पोरीच्या मांडवात काळं आणाल तर आधी मला बाहेर काढा, असं बजावलं. पिवळा चालेल का, असं विचारेपर्यंत सोनूची पोरं मांडवाच्या दारात आडवी झाली होती. पांढरा गळ्यातून काढला हा गावाचा अपमान, आता पांढऱ्याशिवाय नवरदेव आत जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग गोपालरावांना धाकटा भाऊ आठवला. जीवन यवतमाळला समाजशास्त्राचा प्राध्यापक होता आणि अशाच पोरांच्या उपसंस्कृतीवर प्रबंध लिहीत होता. "एवढा शिकला तू," गोपालराव म्हणाले, "समजाव न बाबा त्यायले."

जीवन धुमालच्या गाडीवर चढला. माईक हातात आल्यावर प्राध्यापकाचं जे होतं तेच झालं. गमछा हे नुसतं कापड नसून ती समूहाची ओळख असते, तुम्हाला नावं ठेवणाऱ्या समाजाला तुम्ही दिलेलं ते उत्तर असतं, असं त्याने तळमळीने सांगितलं. आपल्याबद्दल इतकं चांगलं त्या पोरांनी जन्मात ऐकलं नव्हतं. काळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पांढऱ्यांनीही वाजवल्या.

"पटलं सर," आयुष म्हणाला. "ओळख सोडून कोणी लग्न करते काय?"

आतापर्यंत नुसता रुसवा होता, आता त्याला तत्त्व चिकटलं. भटजी सारखे मावळतीकडे पाहत होते. तेवढ्यात मांडवातून नवरीचा, सलोनीचा, निरोप आला. लग्न माझ्याशी आहे की ग्रुपशी ते विचारून सांगा, नाहीतर मी मुंडावळ्या सोडते. पोरगी बोलली तसं करणारी होती. गोपालरावांना रडू यायचंच बाकी राहिलं.

ते हात जोडून कोळसा किंगच्या मास्तरकडे, धावजीकडे, गेले. पोरं त्याला देव मानत. धावजी बसून बसून कंटाळला होता. त्याने गोपालरावांच्या हातातला दुपट्टा घेतला, गाडीमागे तोंडाला फडकं बांधून ढोलाशी बसलेल्या माणसाला पुढे ओढलं आणि तो त्याच्याच गळ्यात टाकला.

"याले घाला. याचाच रंग हाय."

त्या माणसाने फडकं सोडलं आणि सोनू मटकन खाली बसला. तो पांढऱ्या सोन्याचा मास्तर देवसिंग होता.

"माहा साळा हाय हा," धावजी म्हणाला. "आमचा ढोलवाला बिमार पडला म्हणून आला. परवा याच्या गाडीवर मी वाजवून राह्यलो होतो. भांडण तुमचं हाय पोरंहो, आमचं कायले राहीन?"

आयुषने देवसिंगच्या गळ्यातला दुपट्टा स्वतःच काढून घेतला, आपल्या गळ्यात टाकला आणि खालच्या मानेने म्हणाला, "चला मामाजी." दारातली पोरं बाजूला झाली. सूर्य बुडता बुडता अक्षता पडल्या. गोपालराव खांबाला टेकून लहान मुलासारखे रडले.

पंगतीत काळी-पांढरी पोरं एकाच रांगेत, एकमेकांना आग्रह करत जेवत होती. जीवन पत्रावळ घेऊन भावाशेजारी बसला. त्याचा चेहरा फुलला होता.

"दादा, पोरायनं दोन्ही क्लब मोडले. वाजवणारे सारे धोकेबाज म्हणते. आता एकच नवा क्लब, आयुष अन् सोनू दोघं अ‍ॅडमिन."

"कोणाचा क्लब?"

"कोणाचाच नाही. एकमेकायचा."

गोपालरावांना हे फार आवडलं. त्यांनी समाधानाने भातावर वरण घेतलं. "चांगलं झालं. गमछा कोणता घेतला मंग?"

"त्याच्यावरूनच," जीवन म्हणाला, "तिकडं आता दोन गट पडून राह्यले."

गोपालरावांनी हातातला घास तसाच खाली ठेवला आणि उष्ट्या हातानेच ते सलोनीच्या पाठवणीची घाई करायला धावले.