आग नसताना

कोट टांगायला खिळा नव्हता, म्हणून तिनं तो स्प्रिंकलरला टांगला. झालं ते एवढंच.

सासूबाई दुपारी यायच्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "दोन दिवस राहून बघते. तुझं तुला जमतंय असं वाटलं तर परत जाईन, नाहीतर राहीन चांगली पाच-सहा महिने." इतक्या प्रेमानं दिलेली धमकी तिनं पूर्वी ऐकली नव्हती. म्हणून सकाळपासून ती घर पुसत होती, आणि पुसलेलं पुन्हा पुसत होती. कंबरेनं केव्हाच राजीनामा दिला होता. बाकीची ती कशीबशी कामावर हजर होती.

राहिला होता तो कोट. सासूबाईंनी लग्नात लेकासाठी हौसेनं शिवून घेतलेला. आल्या आल्या तो त्यांच्या नजरेत भरायला हवा होता. पण भिंतीला खिळाच नव्हता. (नवरा "रविवारी ठोकतो" म्हणाला होता. कुठल्या रविवारी, ते त्यानं सांगितलं नव्हतं.)

छताला स्प्रिंकलर मात्र होता. प्रत्येक नव्या राहत्या इमारतीत तो बसवलाच पाहिजे असा नियम झाला होता, आणि बसवलाय की नाही हे तपासायची नोकरी नेमकी तिच्या नवऱ्याची होती. घरी आल्यावरही तो त्याबद्दलच बोलायचा. आग लागली की काचेची नळी तडकते, पाणी आपोआप सुटतं, माणसं वाचतात... इथपर्यंत तिला सगळं पाठ होतं. पुढचं वाक्य येईपर्यंत रोज तिचा डोळा लागलेला असायचा.

ते वाक्य असं होतं : त्याला काहीही टांगायचं नाही.

ती खुर्चीवर चढली, हँगर अडकवला, खाली उतरून जरा लांबून कौतुकानं बघितलं. टक्‌ असा आवाज आला.

पाणी आलं तेही काळंकुट्ट, पाइपात महिनोन्‌महिने मुरलेलं. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अहो, स्प्रिंकलर सुरू झालाय!"

"घाबरू नकोस. आधी घराबाहेर पड. आग कुठंय?"

"आग नाहीये."

"असेल गं, नीट बघ. आगीशिवाय तो सुरूच होत नाही."

"अहो, मी त्याच्या खाली उभी आहे. भिजतेय. आग नाहीये!"

"मग नळी तडकली कशी?"

"कोट टांगला होता."

पलीकडे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग हळूच, "प्रेशर कसंय?"

"काय?"

"पाण्याचं. चारी भिंतींपर्यंत पोचतंय का?"

"पलंगाखालीसुद्धा पोचलंय! बंद कुठून करायचं ते सांगा."

"जिन्यात लाल व्हॉल्व्ह आहे. आणि बघ, एकच सुरू झाला ना? सिनेमात सगळे एकदम सुरू होतात, ते साफ खोटं असतं. मी त्या दिवशी साहेबांनासुद्धा..."

तिनं फोन ठेवला. (लग्नानंतर हेही पहिल्यांदाच.) जिन्यातला लाल व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवून ती मागे वळली, तर लिफ्टमधून सासूबाई बाहेर पडत होत्या.

दोघी दारात उभ्या राहिल्या. आतून एक काळा ओघळ संथपणे उंबरठा ओलांडून सासूबाईंच्या चपलांना भेटायला आला.

"या ना, आई," ती म्हणाली. केसांतून पाणी निथळत होतं. "तुम्ही येणार म्हणून घर धुवून काढलं."

सासूबाईंनी वर पाहिलं. कोट छताला लोंबकळत होता आणि त्याच्या दोन्ही बाह्यांतून धारा लागल्या होत्या.

"वरून?"



सासूबाईंनी चपला काढल्या, आतली फरशी बघून पुन्हा घातल्या, आणि पर्समधून फोन काढून सासऱ्यांना लावला.

"अहो, माझी मोठी बॅग पाठवून द्या. नाही, आजारी कुणी नाही. उन्हाळ्याचे, हिवाळ्याचे, सगळे कपडे भरा." फोन कानाला तसाच धरून त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग पुन्हा छताकडे.

"आणि छत्री टाका. नाही हो, बाहेर कुठं जातेय मी? घरात लागते."