तिसऱ्या मजल्याची दुरुस्ती

आमच्या आबिड्सच्या कंपनीत माझ्याइतकं संगणकातलं कळणारा दुसरा कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी सगळ्यांना सांगतही असे! उदारीकरणाची नवी हवा होती, हैदराबादेत गल्लोगल्ली इमारती चढत होत्या आणि आम्ही लिफ्टची नियंत्रणं बनवत होतो. पहिली लिफ्ट नामपल्लीला, हिम्मतराव बिल्डरांच्या नव्या इमारतीत. ती नीट चालली तर कंपनीच्या मालकीण इंदुमती मॅडम मला कायम करणार होत्या. नाहीतर घरी परत, पुण्याची गाडी!

लिफ्टला एकच खोड होती. तिसऱ्या मजल्याच्या जरा अलीकडेच थांबायची. आता आमची पद्धत अशी, की असेंब्ली नावाच्या संगणकी भाषेतली मूळ फाइल माणसाने लिहायची. बिल्ड चालवलं की संगणक तिच्यातले संक्षेप उलगडून दुसरी लांबलचक फाइल काढतो, आणि तिच्यावरून लिफ्टची चिप भरायची. मला चूक त्या लांबलचक फाइलमध्ये दिसली. तिथेच दुरुस्त केली, चिप भरली, आणि लिफ्ट तिसऱ्यावर बरोबर थांबली! मी दिवसभर कॉलर ताठ करून हिंडलो.

हिम्मतराव लिफ्ट बघायला आले त्या सकाळी मॅडम म्हणाल्या, "उदय, ती जुनी चिप नक्को. सगळं पहिल्यापासून बिल्ड कर, ताजी चिप घाल."

घातली. मॅडम, हिम्मतराव आणि मी आत शिरलो. जाळीचं दार लागता लागता बाहेरून रश्मीने, म्हणजे माझ्या सहकारिणीने, सहज विचारलं, "अरे, दुरुस्ती मूळ फाइलमध्ये केली होतीस ना?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बिल्डने ती लांबलचक फाइल नव्याने काढली होती. माझी दुरुस्ती पुसून!

हिम्मतरावांनी तीनचं बटण दाबलं.

"साहेब, दुसरा बघू या ना! दुसरा मजला फार छान आहे!"

"नक्को. तिसऱ्यावर माझं ऑफिस होणार आहे."

"मग जिन्याने जाऊ! तब्येतीला चांगलं!"

"घाबरतो कायको?" मॅडम म्हणाल्या. "काम तुझंच आहे ना?"

त्याचीच तर भीती होती!

लिफ्ट वर गेली, धक्का बसला, थांबली. जाळीपलीकडे कोरी भिंत. हिम्मतरावांनी माझा दंड धरला. मी मॅडमचा धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. दिवा लुकलुकायला लागला. मी दाराची जाळी इतकी गदागदा हलवली, की लिफ्टच हलतेय असं वाटून हिम्मतराव किंचाळले.

खालून रश्मीची हाक आली, "बदल कुठे केलायस? मोठ्यानं सांग!"

सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर इथेच म्हातारं होणार! मी डोळे मिटून ओरडलो, "बिल्डमधून निघालेल्या फाइलमध्ये! मूळ फाइलला हातच लावला नाही!"

अख्ख्या इमारतीने ऐकलं. मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा दोर तुटला असता तर बरं, असं मला वाटलं.

रश्मीने खाली आणून ठेवलेल्या संगणकावर मूळ फाइल सुधारली, पुन्हा बिल्ड केलं, तळमजल्यावरच्या नियंत्रण-पेटीतली चिप बदलली. लिफ्ट हलली आणि तिसऱ्यावर दार उघडलं.

"मॅडम," घाम पुसत हिम्मतराव म्हणाले, "लिफ्ट घेतो. शर्त एकच. चिप बदलली की पहिल्यांदा हा पोरगा आत बसणार. एकटा. दुसरा कोणी नक्को."

"हौ, मंजूर!" मॅडम माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "आजपासून कायम!"

अशी नोकरी पक्की झाली. फक्त डब्यात मी हल्ली दोन पोळ्या जास्तीच्या नेतो. वर अडकलो तर असाव्यात!