सिंधूचे चार कोर

आमच्या रायपूरच्या गुढ़ियारीतल्या गल्लीतली सिंधू रोज संध्याकाळी पाच वाजता एका कॉम्प्युटरला दमवते. कामानं नाही हो, बिनकामानं. त्यानं नुसते आकडे मोजायचे नि फेकून द्यायचे. त्याच्या डोक्यात चार कोर आहेत, म्हणजे चार मेंदू समजा. कोणावर किती टक्के भार टाकायचा, ते सिंधू ठरवते. शिक्षण माझ्याइतकंच, सातवी. नवरा रेल्वेत होता, तो गेला. मुलगा निखिल पुण्यात, कॉम्प्युटरच्या कंपनीत मशिनी तपासायच्या कामावर. इथं बाजूच्या नव्या राजधानीत ऑफिसं उघडून राहिली, तर कंपनीचं यंत्र रायपूरच्या उन्हात टिकते का, हे बघायला त्यानं एक आईच्याच खोलीत आणून ठेवलं.

तेव्हापासून बाई बदलली. "एकदम शंभरावर नाही न्यायचं, हळूहळू चढव," हे तिचं पालुपद. माझ्याकडे महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला मदतीला आली, तर आम्हा चौघींनाच चार कोर करून टाकलं. मले म्हणाली, "तू चाळीसवरच राह, तुझा गुडघा तापते." आणि माझ्या घरात माझ्याच हातातला भोपळा काढून घेतला.

मी जळत होती, खोटं कशाला बोलू? यंत्रावर नाही. रोज सव्वापाचला निखिलचा फोन यायचा आणि अर्धा अर्धा तास चालायचा. माझा पोट्टा बंगलोरला. रविवारी "बोलो आई, सब ठीक?" म्हणतो, आणि मी हव म्हणेपर्यंत ठेवून देतो. सिंधू मात्र गल्लीभर सांगत फिरायची, आज निखिल असं म्हणाला, तसं म्हणाला.

एकदा पाचच्या सुमारास विरजण मागायला गेली. सिंधूची पाठ माझ्याकडे. तिनं एक कोर चढवला, दुसरा, तिसरा, चौथा. सगळे थेट शंभरावर. वरून यंत्राची गरम हवा निघते त्या जाळीपुढे घडी घातलेला टॉवेल. पडद्यावरचा तापमानाचा आकडा चढत चढत लाल झाला आणि फोन वाजला. यंत्र फार तापलं की पुण्यात निखिलच्या मोबाइलवर इशारा जातो, हे मले तेव्हा कळलं.

निखिलचा आवाज दारापर्यंत आला, "आई, फिर से चारों फुल? कैसे?"

"काय माहीत बाळा, काहून होऊन राहिलं असं," म्हणत तिनं टॉवेल ओढून घेतला.

त्यानं एकेक कोर उतरवायला सांगितला. ती उतरवत होती, पाच-पाचनं. मधे मधे खोकला गेला काय, डबा बरा आहे काय, विचारत होती.

तीन उतरले तेव्हा तिनं मले दारात पाहिलं. मान खाली घातली. मग फोन माझ्यापुढे धरला.

"एक बाकी आहे," म्हणाली. "घे, तू बोल."

मले कोर कुठून उतरवता येणार? मी फोन कानाला लावला आणि विचारलं, "जेवला काय रे?"