पोट आत घेऊन दिलेलं माप

मास्तरांच्या अख्ख्या शिवणकामात एकही कोट परत आला नव्हता, आणि हा आला तोही समारंभाला तासभर उरलेला असताना.

कोट हेडक्लार्कांचा. आज ते निवृत्त होणार, बारा पानी भाषण खिशात, आणि बटण काही केल्या लागेना.

"मास्तर, माप तुम्हीच घेतलं होतं ना?"

मास्तरांनी पुन्हा टेप लावली. कोट दोन इंच कमी. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. टेप लागली की माणूस पोट आत ओढून श्वास रोखतो, हे त्यांना का नवं होतं? म्हणून ते गिऱ्हाइकाला हटकून काहीतरी विचारत. बोलायचं तर हवा सोडावीच लागते, आणि हवा सुटली की पोट खरं बोलतं. पण त्या दिवशी मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या आणि समोर हेडक्लार्कांच्या बाई उभ्या होत्या. बायकोसमोर कुठला नवरा पोट सोडेल? मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

उसवायला वेळ नव्हता. "श्वास सोडा. अजून. अजून थोडा." बटण लागलं.

"आता घेऊ का?"

"घ्या, पण बेताने. श्वास घेतला की फासळ्या वर उचलल्या जातात, खालचा पडदा पोटाला पुढे ढकलतो. तेवढी जागा या कोटात नाही."

"आणि भाषण?"

"थोडक्यात उरका."

"पस्तीस वर्षं थोडक्यात?"

सभागृहात मास्तर बाईंशेजारी जीव मुठीत धरून बसले. हेडक्लार्क उभे राहिले. "सन्माननीय... अध्यक्ष..." एवढ्यातच हवा संपली. त्यांनी पानांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, अकरा पानं बाजूला ठेवली आणि शेवटचं हातात घेतलं.

"घर... हिनं... सांभाळलं. मी... नुसता... ऑफिसात... येत राहिलो."

डुलकी काढायच्या तयारीने आलेली मंडळी रुमाल शोधू लागली. साहेबांचा कंठ दाटलाय, असंच सगळ्यांना वाटलं. खरं काय ते एकट्या मास्तरांना ठाऊक. त्यांना राहवेना.

"वहिनी, चेहरा लालबुंद झालाय त्यांचा. मी जाऊन बटण काढतो."

बाईंनी त्यांची बाही धरली. डोळे मात्र स्टेजवरून हलले नाहीत.

"बसा हो, मास्तर. लग्न झाल्यापासून एवढं कधी बोलले नाहीत. कागद अजून हातात आहे, पुरं होऊ दे."